एकेक दाणा

काटे कुठे असावेत याचा झाडापेडांच्या जगात काहीतरी संकेत असावा, अशी माझी समजूत होती. बाभळीला, बोरीला, करवंदीच्या जाळीला काटे शोभतात. गुरं-शेळ्या येता-जाता तोंड घालणार, तर झाडानं आपला बंदोबस्त करायला नको? पण ज्या वनस्पतीचा सगळा जन्म संथ पाण्यात जातो, जिच्या वाऱ्याला शेळी उभी राहत नाही, तिनं इतके काटे कशासाठी घ्यावेत? 'युरिआले फेरॉक्स' या पाणवनस्पतीच्या देठाला काटे, कळीला काटे, फळाला काटे, आणि पानाला तर दोन्ही अंगांना काटे. पान मीटरभर, कधी त्याहूनही रुंद. कोवळं पान पाण्यावर येतं तेव्हा नुकत्याच तळलेल्या पापडासारखं सुरकुतलेलं, फुगवटे आलेलं असतं. मग दिवसागणिक ताणत जाऊन सपाट होतं. वरून हिरवं, खालून गडद जांभळं. फुलं लहानशी, जांभळी. त्यातली पुष्कळशी पाण्याखाली मिटलेलीच राहतात आणि न उमलताच आतल्या आत परागीभवन उरकून घेतात. म्हणजे मधमाशीचेही उपकार नकोत. १८०५ मध्ये रिचर्ड सॉल्सबरी या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं तिला नाव दिलं ते ग्रीक पुराणातल्या, केसांच्या जागी साप असलेल्या तीन बहिणींपैकी एकीचं. माणसाला बाईच्या तुसडेपणाची उपमा चटकन सुचते, त्याला काय करणार!

ही तुसडी बाई आपल्या घरात मात्र केव्हाची येऊन बसली आहे. उपासाच्या फराळात तुपावर परतलेले मखाणे असतात ना, ते हिचंच बी. पुष्कळ घरांत, आणि पुष्कळ दुकानांतही, त्याला 'कमळाचं बी' म्हणतात. ते काही खरं नाही. कमळ वेगळं, ही वेगळी. पण या घोटाळ्याला जुनी परंपरा आहे. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रानं 'भावप्रकाशा'त मखाण्याचे गुण कमळबीजासारखेच समजावेत असं सांगून तो विषय एका फटक्यात मिटवून टाकला.

भावमिश्र इकडे लिहीत होता त्याच शतकात तिकडे चीनच्या हुबेई प्रांतात ली शिझेन नावाचा वैद्य याच बियाबद्दल बरंच जास्त लिहीत होता. ली शिझेन १५१८ सालचा, वैद्याच्याच घरातला. त्यानं आयुष्याची पंचवीसहून जास्त वर्षं घालून औषधी द्रव्यांचा एक प्रचंड ग्रंथ रचला: बावन्न खंड, १८९२ द्रव्यं. ग्रंथ १५७८ मध्ये पुरा झाला आणि छापून बाहेर आला १५९६ मध्ये, म्हणजे तो वारल्यावर तीन वर्षांनी. त्यात या बियाची नोंद आहे. चिनी वैद्यकात त्याला 'छ्यानशी' म्हणतात. त्याहून कितीतरी आधीच्या, शेननोंग या पौराणिक राजाच्या नावानं चालत आलेल्या ३६५ द्रव्यांच्या ग्रंथातही ते आहे, आणि तेही वरच्या प्रतीत. वरच्या प्रतीत म्हणजे जी रोज घेतली तरी बाधत नाहीत अशा द्रव्यांत. कंबर-पाठ-गुडघ्यांच्या दुखण्यावर चांगलं, कान-डोळे तल्लख होतात, दीर्घकाळ घेतलं तर शरीर हलकं होतं आणि भूक छळत नाही, असे त्याचे गुण तिथं सांगितले आहेत. शेवटचा गुण वाचून मला उपासाची आठवण झाली.

आजचे चिनी वैद्य हे बी 'आवरून धरणारं' मानतात. शरीरातून जे जाऊ नये ते जात असेल तर ते रोखायचं: जुनाट जुलाब, पुरुषांचा स्वप्नदोष, बायकांचं पांढरं जाणं, वारंवार लघवीला लागणं, मुलांचं अंथरूण ओलं करणं. प्लीहा आणि मूत्रपिंड ही त्याची दोन ठाणी. पण ही चिनी वैद्यकाची प्लीहा आणि मूत्रपिंडं, शवविच्छेदनात सापडणाऱ्या अवयवांशी त्यांची नुसती दूरची सोयरीक. सतराव्या शतकातल्या फू शान या वैद्याचा बायकांच्या अंगावरून जाण्यावरचा एक काढा अजून वापरात आहे, त्यात हे बी आहे. दुसऱ्या एका जुन्या गोळीत दोनच द्रव्यं: तळ्यातलं हे बी आणि रानातल्या एका काटेरी गुलाबाचं फळ. त्या गोळीला 'पाण्यातला एक आणि जमिनीवरचा एक असे दोन सिद्धपुरुष' अशा अर्थाचं नाव आहे. दोघेही काट्यांतून आलेले, हे नाव देणाऱ्याच्या मनात होतं की नाही कोण जाणे.

माझी लेक सुझोऊला नोकरीला आहे, तिच्याकडे राहायला गेले होते. शांघायच्या पश्चिमेचं हे कालव्यांचं गाव. उद्यानं आणि रेशीम यांसाठी प्रवासी तिथं जातात, आणि जावंच. पण खुद्द सुझोऊच्या माणसाला त्याच्या गावाचं कौतुक विचारलं तर तो खाण्यावर येतो, आणि खाण्यात 'पाण्यातल्या आठ पदार्थां'वर: कमळाचा कंद, शिंगाडा, पाण्यातली सेलरी, असे आठ जिन्नस, सगळे तळ्यात नाहीतर चिखलात पिकणारे. त्यांतला भाद्रपद-आश्विनाच्या सुमाराचा मानकरी म्हणजे आपलं हे बी, पण ओलं. फळाच्या टोकाला फुलाची निदलं चिकटून राहतात, त्यांची चोच झाल्यागत दिसते, म्हणून तिथले लोक त्याला 'कोंबडीच्या डोक्यातले तांदूळ' म्हणतात. आमच्या शेजारच्या आजींनी हे नाव सांगितलं आणि लेकीनं ते माझ्यासाठी मराठीत आणलं, तेव्हा मी शाकाहारी आहे हे पुन्हा एकदा बजावून सांगावं लागलं.

त्या आजींबरोबरच फंगमेनच्या बाजारगल्लीत गेले. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि दुकानांपुढे ठेंगण्या स्टुलांवर बसलेल्या बायका. बहुतेक साठीच्या पुढच्या. प्रत्येकीच्या पुढ्यात ओल्या बियांचं घमेलं आणि पाण्यानं भरलेला कटोरा. अंगठ्यावर धातूचं नख चढवलेलं: पत्र्याची टोपी, पुढून टोकदार. डाव्या हाताच्या चिमटीत बी धरायचं, नखाचं टोक सालीत रुतवायचं, एक गिरकी, आणि टरफल दोन तुकडे होऊन खाली, पांढराशुभ्र दाणा टप्पकन पाण्यात. एका दाण्याला दोन सेकंदही लागत नसावेत. दाणा दुखावला तर भाव पडतो. कोवळ्या बियांची साल पिवळसर आणि मऊ, ती नखाशिवायही निघते. निबर बियांची काळपट आणि कडक, तिला कात्रीच लागते. मधल्या वयाचं बी सगळ्यांत चांगलं, असं आजींचं मत. ते कसं ओळखायचं असं विचारलं तर त्यांनी बी हातात घेऊन दाबलं आणि मान हलवली. ही विद्या एवढ्यावरच थांबली.

एक फळ फोडून दाखवा म्हटलं. सुझोऊच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करत काटे नसलेली जात तयार केली आहे. फळ गुळगुळीत, काटे राहिलेत ते फक्त पानाच्या पोटाला. उत्तरेकडची जात अजून पूर्वीसारखीच काटेरी. वाळवून औषधाच्या दुकानात जाते ती बहुधा तीच. फळाच्या आत मऊ, बुळबुळीत पातळ्यांत गुंडाळलेल्या बिया ठासून भरलेल्या असतात. ती बुळबुळ हातानं रगडून, धुऊन काढायची. तोडणीही अशीच नाजूक: माणूस कमरेपर्यंतच्या रबरी पोशाखात पाण्यात उतरतो, प्रचंड पानं बाजूला सारतो, पानाखाली हात घालून फळ चाचपतो आणि बांबूच्या सुरीनं कापतो. देठ मात्र झाडालाच ठेवायचा, कारण देठाच्या पोकळ नळ्यांतून पाणी आत शिरलं तर झाड कुजतं. त्याच झाडावर दर काही दिवसांनी पुन्हा तोडणीला यायचं असतं.

या सगळ्याचा हिशेब भावात उतरतो. सोललेल्या ताज्या दाण्यांना अर्ध्या किलोला शंभर युआनच्या आसपास पडत होते. शंभर युआन म्हणजे हजार रुपयांच्या वर. पूर्वी शहराला लागूनच्या ह्वांगथ्यानतांग या पाणथळीतला माल सर्वांत नावाजलेला होता. १९९४ पासून चीन आणि सिंगापूर यांनी मिळून गावाच्या पूर्वेला औद्योगिक वसाहत उभारली, शहर त्या बाजूला फोफावलं आणि तळी मागं हटली. माझ्या लेकीची नोकरी त्याच वसाहतीतली, तेव्हा मी यावर फार उसासे टाकू नयेत हे बरं.

घरी आल्यावर आजींनी पाणी उकळलं, त्यात खडीसाखर घातली, दाणे टाकले आणि मिनिटभरात गॅस बंद केला. वरून वाळलेली इवलीशी पिवळी फुलं, तिथल्या एका सुगंधी झाडाची. एवढंच. आपल्याकडे एवढ्या महाग जिनसेची खीर झाली असती, वेलदोडा-केशर पडलं असतं, दूध आटलं असतं. मी पहिला चमचा तोंडात घातला आणि वाट पाहत राहिले, चवीची. ती आली नाही. फुलांचा वास होता, साखरेची गोडी होती, दाण्याचं स्वतःचं म्हणावं असं जवळजवळ काही नव्हतं. ओल्या पिठूळपणाचा एक पुसट अंश, बस. पण दाताखाली मात्र काही वेगळंच घडत होतं. बाहेरून लवचीक, दाताला किंचित उलटून दाब देणारा, आणि मग आत एकदम मऊ. आजींनी हाताची बोटं एकामागून एक उघडून दाखवली: एकेक. एका वेळी एकच दाणा. चमचाभर कोंबायचे नाहीत.

आजींची ही शिस्त किमान हजारेक वर्षं जुनी असावी, हे मला नंतर कळलं. ली शिझेननं आपल्या ग्रंथात सोंग काळातल्या एका लेखकाचं म्हणणं नोंदवलं आहे. त्या काळी लोक या बियाला 'पाण्यातलं गंधक' म्हणत, म्हणजे शक्तिवर्धक. हा लेखक म्हणतो, या बियात मुळात तसं काहीच नाही. मग लोकांना गुण का येतो? तर ते एकेक करून, दिवसभर, सावकाश चावत बसावं लागतं म्हणून. चावल्यानं लाळ सुटते, लाळ पोटात जाते, आणि जे काही भलं होतं ते त्यानं होतं. कवी सू तुंगपोच्या नावावरही याच धर्तीचा विचार सांगितला जातो. मला या लेखकाचं मोठं कौतुक वाटतं. जे औषध सगळे डोक्यावर घेऊन नाचताहेत त्याच्याबद्दल हा गृहस्थ शांतपणे सांगतो की औषध दाण्यात नाही, तुमच्या दातांत आहे. आणि त्याहून कौतुक ली शिझेनचं. वैद्य असून त्यानं हे मत गाळलं नाही. दाण्याच्या गुणांशेजारीच लिहून ठेवलं.

आजचा आहारतज्ज्ञही सोंग काळातल्या त्या माणसापासून फार लांब नाही. वाळल्या दाण्यात तीन चतुर्थांशाच्या आसपास स्टार्च, दहा टक्क्यांच्या आतबाहेर प्रथिनं, चरबी नावालाच. सावकाश पचणारं, साधं, भलं अन्न. पुण्यात मॉलमधल्या पाकिटावर मात्र तेच 'सुपरफूड' होतं, पेरी-पेरीचा मसाला लावून. दुष्काळात कामी येणारं बी म्हणून ते चीनमध्येही आधी माहीत होतं: हान काळातल्या गोंग स्वेई नावाच्या अधिकाऱ्याच्या चरित्रात, त्यानं आपल्या प्रांतातल्या लोकांना शिंगाडे आणि ही बियं साठवायला लावल्याचा उल्लेख आहे. गरिबाच्या कणगीतून श्रीमंताच्या वाडग्यात जायला त्याला अर्थातच वेळ लागला नाही. त्साओ श्वेछिनच्या अठराव्या शतकातल्या 'लाल दालनातलं स्वप्न' या कादंबरीत बड्या घरातून एका नातेवाईक मुलीला डबा पाठवतात, त्यात ताजे लाल शिंगाडे असतात आणि ही ओली बियं.

मी पुण्याहून जाताना मखाण्यांची दोन पाकिटं नेली होती, तुपात परतून, मीठ-मिरपूड लावून. ती आजींना दिली. हे तेच बी आहे, असं लेकीनं त्यांना सांगितलं. आजींनी मखाणा उलटसुलट करून पाहिला. चीनमध्ये हे बी लाहीसारखं फोडत नाहीत. ओलं खातात, नाहीतर वाळवून, दोन फाका करून औषधाला किंवा सुपात वापरतात. औषधाच्या दुकानातला तांबूस सालीचा टणक तुकडा आणि हा पांढरा हलका गोळा यांचं नातं डोळ्यांना पटत नाही, हे खरंच. त्यांनी तो तोंडात टाकला. एकदा चावला, आणि तो विरघळून गेला. त्यांनी दुसरा घेतला, पुन्हा तेच. मग त्या काहीतरी बोलल्या आणि लेक हसायला लागली.

"काय म्हणतायत गं?"

"म्हणतायत, चवीला छान आहे, पण यात चावायला काय ठेवलंयत तुम्ही?"

मला याचं उत्तर देता आलं नाही, कारण ते चावणं आपल्या वतीनं आधीच दुसऱ्या कुणीतरी उरकलेलं असतं. बिहारमध्ये, दरभंगा-मधुबनीच्या तळ्यांत, पिकलेली फळं फुटून बिया थोडे दिवस तरंगतात आणि मग तळाशी जाऊन चिखलात बसतात. मल्लाह समाजातले लोक बुड्या मारून त्या गाळातून गोळा करतात, बांबूच्या टोपलीत चाळून, तुडवून साफ करतात. सुकलेल्या बियाला तिथं 'गुर्री' म्हणतात. ती कढईत भाजायची, दोन-तीन दिवस मुरू द्यायची, पुन्हा जास्त आचेवर भाजायची, आणि तापलेली असतानाच पाच-सात दाणे हातानं उचलून लाकडी फळीवर ठेवून थापीनं एक घाव घालायचा. अडीच किलोच्या आसपास गुर्री घ्यावी तेव्हा किलोभर मखाणा हाती येतो. फोडण्याच्या हंगामात दरभंग्याकडची कुटुंबंच्या कुटुंबं पूर्णिया-कटिहारकडे जाऊन राहतात, बायकापोरांसकट. भट्टीजवळ तासन्‌तास, तळहातांना फोड. 'मिथिला मखाना'ला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मखाण्यासाठी स्वतंत्र मंडळाची घोषणा झाली, पण पाकिटावर तळहाताचं चित्र कुणी छापत नाही.

या सगळ्याहून जुनी एक कथा इस्रायलमधली आहे. जॉर्डन नदीकाठी, हुला खोऱ्यात, गेशर बनोत याकोव्ह नावाच्या ठिकाणी पुरातत्त्वज्ञ नामा गोरेन-इनबार यांनी उत्खनन केलं. तिथं सुमारे ७,८०,००० वर्षांपूर्वीच्या थरात खळगे पडलेले दगड, विस्तवाच्या खुणा, आणि या वनस्पतीच्या बियांचे अवशेष सापडले. आज त्या प्रदेशात ती उगवतच नाही. आपल्या जातीचा माणूस तेव्हा जन्मालाही यायचा होता, पण त्याच्या आधीचा कुणीतरी हे काटेरी फळ पाण्यातून ओढून काढत होता, बहुधा भाजत होता, दगडावर ठेवून फोडत होता. हे जमत कसं असेल, याचा विचार करताना संशोधकांनी कुणाकडे पाहावं? चेन्नईचे शांती पप्पू आणि कुमार अखिलेश हे पुरातत्त्वज्ञ या अभ्यासात सहभागी होते, आणि ताडून पाहण्यासाठी त्यांच्यापुढे होते बिहारचे मखाणेवाले. बुडी मारणं, वाळवणं, भाजणं, घाव घालणं, ही साखळी त्यांनी तिथं तपासली. हे वाचल्यापासून ती लाकडी थापी मला हातोडीच्या जातीची वाटेनाशी झाली आहे; ती दगडाच्या नात्यातली आहे.

म्हणून बुडी आणि थापी जपून ठेवा, असं मात्र मी म्हणणार नाही. लुधियानाच्या कृषी संशोधन संस्थेनं मखाणे फोडायचं यंत्र काढलं आहे, फूटभर पाण्याच्या शेतात लागवड करायची पद्धतही आली आहे, तिथं कुणाला चिखलात बुडी मारावी लागत नाही. दुसऱ्याच्या तळहातावरच्या फोडांना परंपरा म्हणणं सोपं असतं. सुझोऊच्या त्या बायकांनाही त्यांच्या बोटांबद्दल विचारलं असतं तर काव्य ऐकायला मिळालं नसतं. ओल्या टरफलानं बोटं काळी पडतात आणि रात्री ठणकतात, एवढं लेकीला त्यांनी आपणहून सांगितलं होतं. पोरीबाळी या धंद्यात येत नाहीत. त्यांनी यावं असं त्यांच्या आयांनाही वाटत नाही.

आजी हल्ली सोललेले दाणे घेत नाहीत, भाव फार झाला म्हणून. अख्ख्या बिया आणतात आणि संध्याकाळी टीव्हीवरची मालिका लावून स्वतः सोलत बसतात. वैद्यानं नातवासाठी वाळलेले दाणे लिहून दिले होते, कोंड्यात परतलेले, ते सुपात घालतात. नातू सूप पितो आणि दाणे वाटीच्या तळाशी ठेवतो, तेव्हा गुण येत असेल तर तो चावण्याचा नक्कीच नव्हे. लेक या दिवाळीला आली तेव्हा आजींनी माझ्यासाठी एक धातूचं नख पाठवलं. पुण्यात सोलायला ओलं बी कुठून मिळणार, हा प्रश्न त्यांना पडलेला नाही. मी त्यानं लसूण सोलून पाहिला. चांगला सोलला जातो, फक्त अंगठ्याला जरा सैल होतं, आत कापसाचा बोळा घालावा लागतो.